निष्ठेचा खर्च कोणाच्या खिशातून?

१९८०च्या दशकात महाराष्ट्रात एका नाटकाचा वेगळाच दौरा झाला. अत्र्यांचे 'लग्नाची बेडी' घेऊन डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्या काळचे आणखी कितीतरी नामवंत गावोगाव फिरले. नाईट, म्हणजे प्रयोगामागचे मानधन, कोणी घेतली नाही. जमलेल्या पैशातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला आणि पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्यांना दरमहा मानधन द्यायची सोय झाली. कार्यकर्ता कितीही ध्येयवादी असला तरी त्याला घरभाडे चुकत नाही, पोरांच्या शाळेची फी चुकत नाही. ती भागली नाही तर चळवळ एक चांगला माणूस गमावते, हा साधा हिशोब त्यामागे होता.

मला नवल वाटते ते पुढचे. नटांना दुसऱ्यांच्या बाबतीत हे इतके स्वच्छ दिसले, पण त्यांच्याच क्षेत्रात रंगकर्मीच्या महिन्याच्या किराण्याचा विचार एवढ्या नीटपणे कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. दर ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, व्यासपीठावरून तरुणांना सांगितले जाते की पैशामागे लागू नका, निष्ठा ठेवा. समोरची पोरे टाळ्या वाजवतात आणि बाहेर आल्यावर एकमेकांना विचारतात, "परतीचं भाडं कुणाकडं हाय का?"

जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी राहून, मराठीत, आपल्याला पटेल तेच नाटक करत आयुष्य काढायचे असेल, तर विषय कोणता निवडावा हा पहिला प्रश्न नाही. आपल्या मूल्यांचे बिल कोण भरते आहे, हा पहिला प्रश्न आहे. नट भरतो, त्याची नोकरदार बायको भरते, गावाकडचे आईवडील भरतात, की सेट उचलणारा पोरगा? हे न विचारता केलेला निष्ठेचा उपदेश मला अप्रामाणिक वाटतो.

आपल्या प्रायोगिक रंगभूमीचा इतिहासच बघा. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग पुण्यात १६ डिसेंबर १९७२ रोजी झाला. एकोणीस प्रयोगांनंतर ते करणाऱ्या पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन) या संस्थेच्या अध्यक्षांनी नाटक थांबवले. मंडळी बाहेर पडली आणि २७ मार्च १९७३ला थिएटर अकॅडमी स्थापन करून त्यांनी तेच नाटक पुन्हा उभे केले. तत्त्वासाठी संस्था सोडल्याचे हे उदाहरण आपण पन्नास वर्षे अभिमानाने सांगतो, आणि सांगायलाच हवे. पण बाहेर पडणारे कोण होते तेही सांगू या. जब्बार पटेल डॉक्टर, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, सतीश आळेकर बी. जे. मेडिकलमध्ये जीवरसायनशास्त्रात. नाटक बंद पडले म्हणून या कोणाची चूल विझणार नव्हती. यात त्यांचा धीर कमी ठरत नाही. त्या धीराला पाया होता, एवढेच.

मुंबईत तीच गोष्ट. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांच्या 'आविष्कार'ने १९७४पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जे उभे केले, त्याच्या मुळाशी दोन गोष्टी होत्या, ज्यांचा उल्लेख स्मरणिकांमध्ये फारसा येत नाही: परवडणाऱ्या भाड्याची जागा आणि पाच-साडेपाचला सुटणारे ऑफिस. बँक, एलआयसी, महापालिका, कॉलेज, शाळा. संध्याकाळी सहाला तालमीला येणाऱ्या माणसाचा महिन्याचा पगार एक तारखेला ठरलेला होता. कोणालाही न विचारता, पावती न फाडता, बँकांनी आणि सरकारी कचेऱ्यांनी मराठी प्रायोगिक रंगभूमी पोसली, असे मी म्हणेन. वरिष्ठाने दौऱ्यासाठी रजा मंजूर केली, हासुद्धा एक प्रकारचा राजाश्रयच.

ती नोकरी आता नाही. आजचा पंचविशीतला मुलगा कंत्राटावर आहे, किंवा कुठेच नाही. नाट्यशास्त्राची पदवी मात्र त्याच्याकडे आहे, कारण पुण्याला, मुंबईला, छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठांचे नाट्यविभाग आहेत आणि पोरे हौसेने तिथे जातात. शिकून बाहेर पडले की समोर मालिका. मालिकेची शिफ्ट बारा-बारा, तेरा-तेरा तासांची. त्यामुळे नाटकाच्या वाट्याला शनिवार-रविवार आणि उरलेला घसा.

लातूरकडची एक मुलगी, माझ्या शिबिरात होती, तिने फोन केला. "दादा, मालिका घेऊ का? सगळे म्हणतात, विकली गेलीस." मी विचारले, घरी काय आहे. वडिलांचे डायलिसिस चालू होते. मी म्हटले, घे. करारात महिन्याचे कोणते दिवस मोकळे मिळतील ते आधी लिहून घे. विकली गेलीस म्हणणाऱ्यांपैकी कोण रिक्षाचे पैसे देतो तेही विचार. मालिकेत काम केल्याने माणसाची मूल्ये जातात हे मला पटत नाही. ज्याला घरचा आधार आहे त्याने निराधार माणसाला शुद्धतेची परीक्षा द्यायला लावावी, ही गोष्ट मात्र मला खुपते.

आता जरा हिशोब मांडू, समजा म्हणून. एकशेवीस खुर्च्यांचे छोटे सभागृह, तिकीट ३०० रुपये. हाऊसफुल्ल झाले तर ३६,००० रुपये. भाडे, लाइट, साउंड, टेम्पो, जाहिरात, चहा-वडापाव यात निम्मे गेले असे धरा. उरले १८,०००. स्टेजवरचे आणि मागचे मिळून नऊ जण, म्हणजे माणशी दोन हजार. दहा प्रयोग झाले तर वीस हजार. आता तालमी धरा: चाळीस संध्याकाळी, चार-चार तास, म्हणजे १६० तास. प्रयोगाच्या दिवसाचे आठ तास धरले तर आणखी ८०. तासाला साधारण ८३ रुपये पडले, तेही प्रत्येक खुर्ची भरली तर. अर्ध्याच खुर्च्या भरल्या तर हातात शून्य. एवढे सगळे सुरळीत होऊन दहा प्रयोग लागणारे नाटक हौशी गटांमध्ये भाग्यवान समजले जाते.

हे आकडे नाटकाच्या पहिल्या वाचनालाच फळ्यावर लिहावेत असे माझे मत आहे. बहुतेक गटांत ते कोणी लिहीत नाही. "आधी नाटक उभं राहू दे, मग बघू" असे म्हणतात, आणि मग बघायची वेळ येते तेव्हा दिग्दर्शकाने स्वतःच्या खिशातले पन्नास हजार घातलेले असतात, नटांना गाडीखर्च मिळालेला नसतो आणि दोघेही एकमेकांवर खार खाऊन असतात. किती चांगले गट मतभेदाने फुटले असे आपण म्हणतो; त्यातले निम्मे पैशावर फुटलेले असतात आणि मतभेदाचे नाव सभ्य म्हणून लावलेले असते.

त्यागाची ही आवड आपल्याला फार जुनी आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची ती गोष्ट प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे: बोर्डावर नाचताना कळा सुरू झाल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. ही गोष्ट सांगताना आपला ऊर भरून येतो. मला ती ऐकताना आधी राग येतो. दिवस भरलेल्या बाईला फडावर उभे राहावे लागले, कारण सुपारी घेतलेली होती, शे-सव्वाशे पोटे त्या एका बाईवर होती आणि कनातीत बसलेल्या पब्लिकला पैसे वसूल हवे होते. विठाबाईंना राष्ट्रपती पदक मिळाले, २००२मध्ये त्या गेल्या तेव्हा परिस्थिती हलाखीची होती, आणि आता सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. तमाशात कलावंत हंगामाआधी मालकाकडून उचल घेतो आणि ती फेडण्यात हंगाम संपतो. फडाचा मालकही सावकाराकडून उचल घेऊनच राहुट्या ठोकतो, गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात गावोगावच्या यात्रा कमिट्यांची वाट बघत बसतो. या साखळीत निष्ठा कोणाची आणि नाइलाज कोणाचा, हे सांगता येणे कठीण आहे.

पैशाबद्दल संकोच नसलेली मराठी रंगभूमी बघायची असेल तर वडशाला जावे. देसाईगंज-वडसा, गडचिरोली जिल्हा. दिवाळी झाली, गावोगाव मंडई, म्हणजे तिकडची जत्रा, भरू लागली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो तो थेट होळीपर्यंत. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेला संपते, माणसे चादरी पांघरून बसलेली असतात. वडशात नाटक कंपन्यांची ऑफिसे आहेत. गावचे मंडळ येते, पाटी वाचते, घासाघीस करते, तारीख पक्की करते. नटाची नाईट ठरलेली. 'तुमच्या निष्ठेपोटी फुकट या' असे तिथे कोणी कोणाला म्हणत नाही. पुण्या-मुंबईचे समीक्षक झाडीपट्टीला भडक म्हणून नाक मुरडतात, आणि भडकपणा आहेच. नाटकात मध्येच घुसवलेले नाच बघून मीही वैतागतो. पण हुंडा, कर्जात बुडालेला शेतकरी, अंधश्रद्धा हे विषय शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, बघायला आलेल्या हजारो माणसांसमोर तिथेच होतात, आणि नटाच्या घरी तांदूळ जातात. डॉ. परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राने झाडीपट्टी कुठे आहे ते नकाशात शोधले असेल.

मूल्यांचे नाटक म्हटले की मला आधी अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेले 'सत्यशोधक' आठवते. गो. पु. देशपांडे यांनी लिहिलेले जोतीराव फुल्यांवरचे नाटक, आणि ते करत होते पुणे महापालिकेचे सफाई कामगार. २०१२पासून त्याचे प्रयोग झाले. सकाळी रस्ता झाडणारा माणूस रात्री फुल्यांचे शब्द बोलतो, हा अनुभव विसरता येत नाही. पण ते का जमले? कामगार संघटना पाठीशी होती आणि नटांचा पगार पालिकेकडून चालू होता. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' लिहिणारे राजकुमार तांगडे जालना जिल्ह्यातले, शेती करणारे. तिथे पाया जमिनीचा होता. म्हणजे पुन्हा तेच: जिथे पोटाची सोय आधी झाली होती तिथे माणसे ताठ उभी राहिली.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की पैसा आला की तडजोड येते. माझा अनुभव उलटा आहे. तडजोड येते ती महिन्याच्या वीस तारखेला, खात्यात चारशे रुपये असताना. निवडणूक आली की पथनाट्याच्या गटांना विचारणा होते, सकाळी एका पक्षाची आणि दुपारी दुसऱ्याची. सरकारी योजनांच्या प्रचारासाठी कलापथके लागतात. यातले काय घ्यावे? माझ्या मते योजनेची खरी माहिती सांगणारे काम घ्यायला हरकत नाही. ज्या योजनेचा लाभ गावात कोणाला मिळालेलाच नाही तिचे गुणगान त्याच गावात गाण्याचे काम घेऊ नये. पक्षाचे काम आपल्याच पक्षाचे असेल तर उघडपणे करावे, नसेल तर करू नये. पण ही रेघ सुपारी आल्यावर ओढता येत नाही. ती हातात दोन महिन्यांचा खर्च असतानाच, सगळ्या गटाने बसून ओढावी लागते. ज्या गटाच्या खात्यात काहीच नाही त्याला नाही म्हणता येत नाही, मग त्याच्या नाटकांतून कितीही क्रांती होवो.

नाही म्हणण्याचा आणखी एक खर्च असतो, वकिलाचा. 'सखाराम बाइंडर' या नाटकाला परिनिरीक्षण मंडळाने, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरने, अडवले तेव्हा कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि लढले. ब्रिटिशांचा १८७६चा नाट्यप्रयोग कायदा केंद्राने रद्द केला, पण महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागण्याची पद्धत राहिली. तिच्याविरुद्ध अमोल पालेकर २०१६मध्ये न्यायालयात गेले. आणि २०२४च्या फेब्रुवारीत पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचा प्रयोग बंद पाडला गेला, वर विभागप्रमुखांसह विद्यार्थ्यांनाच अटक झाली. विद्यापीठातल्या मुलांची ही गत, तर परभणीच्या किंवा चिपळूणच्या आठ जणांच्या गटाने काय करायचे? अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर परिसंवाद भरपूर होतात. प्रयोग बंद पडल्यावर त्याच रात्री पोलीस ठाण्यात येईल असा एक वकील प्रत्येक जिल्ह्यात असावा, एवढी व्यवस्था जरी नाट्यसंस्थांनी मिळून केली तरी दहा परिसंवाद वाचतील.

आणि मूल्ये बघायचीच असतील तर ती पडदा पडल्यावर बघावीत. नट मेकअप पुसत असतात, प्रेक्षक फोटोसाठी विंगेत आलेले असतात. त्यांच्या पाठीमागे सेटचे फ्लॅट, म्हणजे भिंतींच्या चौकटी, उतरू लागलेले असतात. दोन पोरे लेव्हल, म्हणजे लाकडी चौथरे, उचलतात, तिसरा स्पॉट काढतो, अजून तापलेला, म्हणून हाताला फडके गुंडाळून. कपडेपटवाला घामाने भिजलेले अंगरखे झटकून हँगरला लावतो, कारण उद्या दुपारी दुसऱ्या गावी प्रयोग आहे. थिएटरचा माणूस घड्याळ दाखवतो. वेळ टळली तर जादा भाडे. टेम्पो भरेपर्यंत मध्यरात्र होते. समतेवरचे नाटक करून नट गाडीत बसले आणि बॅकस्टेजची मुले टेम्पोत सेटवर आडवी झाली, असे मी कितीदा तरी पाहिले आहे. मार्च २०२०मध्ये थिएटरे बंद झाली, मध्ये काही महिने अर्ध्या क्षमतेने उघडून पुन्हा बंद पडली, ती २२ ऑक्टोबर २०२१ला उघडली. त्या काळात मदत गोळा करणाऱ्यांना कळले की ही माणसे कोणाच्याच हजेरीपटावर नव्हती. कोणाचा कामगार म्हणून त्यांना धरायचे, हाच प्रश्न.

मुलींचेही तसेच. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणारा २०१३चा कायदा ऑफिसांसाठी आहे अशी नाटकवाल्यांची समजूत असते. दहापेक्षा कमी माणसे असली तरी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, हे तालमीच्या पहिल्या दिवशी सांगणारा दिग्दर्शक मला अजून क्वचितच भेटतो. उशिरा संपणाऱ्या तालमीनंतर मुलगी घरी कशी जाणार, हे आधी ठरवलेले नसेल तर त्या तालमीत स्त्रीमुक्तीवर कितीही सुंदर प्रवेश बसलेला असो, त्याला अर्थ नाही.

सरकारकडे मागायचे काय? राज्याने ज्येष्ठ कलावंतांचे मानधन २०२४मध्ये दरमहा ५,००० रुपये केले, हे चांगलेच झाले. पण हा पैसा पन्नाशी ओलांडल्यावर मिळतो. विशीत-तिशीत जो टिकलाच नाही त्याला पन्नाशीतले मानधन कुठून मिळणार? १९८५ ते १९९४ या काळात थिएटर अकॅडमीने फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने नवे नाटककार आणि प्रादेशिक नाट्यगट घडवण्याच्या योजना राबवल्या होत्या. परदेशी पैशावरून कुरबूर झाली असेल-नसेल. तसे काम मराठी पैशाने का होऊ नये, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही. पालिकांना नाट्यगृह म्हटले की मोठ्ठी इमारत सुचते. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ला जळाले तेव्हा सगळे शहर हळहळले, आणि ते उभे राहिलेच पाहिजे. पण शंभर-दीडशे खुर्च्यांची, साध्या लाइटची, संध्याकाळी तालमीला मिळणारी खोली तालुक्याच्या गावी कुठे आहे? पालिकेच्या शाळा संध्याकाळी कुलूप लावून उभ्या असतात. छबिलदासही शाळाच होती.

आणि एक मागणी अशी, जिला काही पैसे लागत नाहीत. व्यावसायिक नाटकांना सरकार प्रयोगामागे अनुदान देते. त्या अर्जासोबत बॅकस्टेजच्या प्रत्येक माणसाला दिलेल्या नाईटची आणि नटांना दिलेल्या तालमीच्या मानधनाची सही केलेली पावती जोडणे सक्तीचे करा. पावती नाही तर अनुदान नाही. निर्माते म्हणतील, धंदा आधीच तोट्यात आहे. असेलही, मग वह्या उघडून दाखवा, तोटा सगळ्यांना कळू दे. पहिल्या वर्षी खोट्या पावत्या येतील हे मला ठाऊक आहे. तरी चालेल. खोट्या पावतीवरसुद्धा काहीतरी रक्कम लिहावी लागते, आणि सही करायला कागद समोर आला की टेम्पो भरणारा पोरगा ती रक्कम वाचणारच.